नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातले तीसपर्यंतचे पाढे तेवढे टिकले, कारण पाढे म्हणत विड्या वळायची सवय होती. बाकी सगळं गेलं, भागाकार तर पुरता गेला. तो मी पुन्हा शिकले एकाहत्तराव्या वर्षी, आणि तोही माझ्या पोरीकडून, फोनवर. का शिकले ते सांगते.

मला एकच पोर. तिच्याआधी दोन झाली आणि गेली. ही झाली तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. आकड्यांत ती पहिल्यापासून पुढे. बाप तिला सायकलवर बसवून साकोलीच्या शाळेत न्यायचा आणि वाटेत ट्रकचे नंबर दिसले की दोघं त्यांची बेरीज करायची. दीड एकर धान, माझ्या विड्या आणि बापाची ती सायकल, एवढ्यावर ती नागपूरला गेली आणि गणितात मोठं शिक्षण घेतलं. आता बंगलोरला असते. कंपनीत कुलपं करते असं मी गावात सांगते. लोकांना लोखंडी कुलपं वाटतात. वाटू देते.

तिच्या शेवटच्या परीक्षेत तिचा बाप गेला. दोन दिवस भंडाऱ्याला दवाखान्यात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "पोरीले बोलाव." मी म्हटलं, तिचे दोन पेपर राहिले आहेत. दुपारी पुन्हा म्हणाला. मी पुन्हा तेच सांगितलं. दिवस बुडायच्या आत तो गेला. दुसऱ्या दिवशी माती झाली. कोणी फोन करायचा नाही अशी सगळ्या नातलगांना मी तंबी दिली होती. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी मीच तिला कळवलं.

ती आली. आल्या आल्या तिने एकच विचारलं, "बाबानं मले बोलावलं नाही?"

मी म्हटलं, "नाही. तोच म्हणाला, तिले सांगू नका, पेपर देऊ द्या."

हे वाक्य माझ्या तोंडातून सहज निघालं. आधी ठरवलं नव्हतं. ते ऐकून ती रडायची थांबली, आणि मला वाटलं की बरं झालं. बापाच्या पुण्यानुमोदनाला ती बुद्धवंदनेत बसली, आलेल्यांना जेवण वाढलं, आणि तिसऱ्या दिवशी बॅग उचलली. दारात म्हणाली, "मरताना बाबाले माही गरज नव्हती. मंग या घरी मी कोनासाठी येऊ?" "माझ्यासाठी ये" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बस चुकन."

त्याला सात वर्षं झाली. ती आली नाही. पैसे पाठवते, दर रविवारी सकाळी फोन करते, पण येत नाही. आणि मी "ये" म्हणत नाही. बोलावलं तर खरं सांगावं लागेल आणि खरं सांगितलं तर फोनही बंद होईल, अशा दोन भीतींच्या मध्ये मी सात वर्षं काढली. पहिल्या वर्षी भीती वाटायची. नंतर त्याची सवय झाली.

फोनवर आम्ही काय बोलणार? पाऊस किती, धान कसं आहे, गुडघा कसा आहे. चार वाक्यांत संपायचं. मग एकदा मी तिला कुलपांचं विचारलं आणि ती बोलायला लागली ती अर्धा तास. तेव्हापासून आमचं बोलणं आकड्यांवर चालतं. आकड्यांत बाप येत नाही.

तिने सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. काही आकडे असे असतात की त्यांचे सारखे वाटे होत नाहीत. बाराचे होतात, दोन, तीन, चार, सहा, यांतल्या कशानेही. तेराचे होत नाहीत. तेराला एकाने भाग जातो किंवा तेराने. असल्या आकड्यांना मूळ संख्या म्हणतात. लहान असले तर लगेच ओळखू येतात, मोठे असले तर भल्याभल्यांना कळत नाहीत. असे दोन लांबलचक आकडे घेऊन गुणायचे. गुणाकार मशीन चुटकीसरशी करते. पण नुसता गुणाकार दुसऱ्याच्या हातात दिला आणि म्हटलं की आता याचे मूळचे दोन सांग, तर जगातली सगळी मशीनं बसवली तरी जन्म पुरत नाही. बँकेची कुलपं यावर चालतात. आणि सगळ्यात मोठी जी मूळ संख्या आजवर सापडली आहे ती चार कोटींहून जास्त आकडे लांब आहे. तेवढी लांब, आणि शेवटी विषम.

"आनि त्याच्यापुढं?" मी विचारलं.

"त्याच्यापुढंही आहेतच, माय. त्यायले अंत नाही. सापडाच्या आहेत फक्त."

तेव्हा आंब्याचे दिवस होते. मी म्हटलं, परसातला आंबा औंदा खूप लागला, खायला कोणी नाही. सात वर्षांत यापेक्षा जास्त मी कधी बोलले नव्हते. मग ती म्हणाली, "एक आकडा लिहून घे. नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर. याले कशानं पुरा भाग जाते ते शोध. एक सोडून आनि तो सोडून. सापडलं का सांग, त्या दिवशी मी तिकीट काढते."

ही थट्टा होती की खरं, मी विचारलं नाही. आकडा कॅलेंडरच्या मागे लिहिला.

भागाकार येत नव्हता, पण वाटे करता येत होते. सानगडीच्या बाजारातून आणलेली लाखोरी घरात होती. तेवढे दाणे मोजून घ्यायचे आणि ताटांत सारखे वाटायचे. दाणे पुरले तर भाग गेला. शेजारची सून दुपारी मोकळी असते, तिला बोलावलं. ती नागपुरात वाढलेली आहे, बोलते भरपूर.

"आजी, एवढी लाखोरी मोजून कायले रायल्या? दाळ कराची का लगन लावाचं?"

"तू मोज. तोंडानं मोजू नको, हातानं मोज."

मी शंभर शंभर दाण्यांचे ढीग करायचे आणि तिने एकेक ढीग मोजून टोपलीत टाकायचा, असं ठरलं. नव्व्याण्णव ढीग आणि वर त्र्याहत्तर दाणे. टोपलीत पडणारा पहिला ढीग मी मोठ्याने म्हटला, "लाभ." आमच्याकडे धान मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पुढे दोन, तीन. खळ्यावर मापारी असंच म्हणायचा. तिने मान हलवली आणि मोजायला लागली. मी माझे दाणे मोजत होते, तिच्या तोंडाकडे लक्ष नव्हतं. दोन दुपारी त्यात गेल्या.

मग वाटे. दोनाने जायचा प्रश्न नव्हता, शेवटी तीन आहे. तीन ताटं मांडली, दोन दाणे उरले. चार ताटं मांडली, एक उरला. पाचाचा पाढा शून्यावर नाहीतर पाचावर संपतो, म्हणून पाच सोडला. सहाला पाच उरले. साताच्या खेपेला शेजारून एक ताट उसनं आणलं, आणि प्रत्येक ताटात दहा दहा टाकत गेले. टोपली रिकामी होत आली. शेवटी राहिलेले मोजले, त्रेसष्ट. साती नव्वे त्रेसष्ट. प्रत्येक ताटात नऊ टाकले आणि टोपलीत एक दाणा राहिला नाही.

मी टोपली उलटी करून आपटली. खरंच काही नव्हतं. मी तशीच बसून राहिले. सून म्हणाली, "आजी, काय झालं व? चक्कर आली का?" मी म्हटलं, "पोरगी येते."

रविवारपर्यंत चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी घर सारवलं, तिची चादर धुतली, आंब्याच्या डहाळ्यांना हात लावू दिला नाही कोणाला. फोन वाजल्या वाजल्या सांगितलं, "भाग गेला. सातानं. काढ तिकीट."

"सातानं?" ती म्हणाली. "सात गुणिले चौदाशे चोवीस, नऊ हजार नऊशे अडुसष्ट. पाच उरतात, माय."

"काही नाही उरत. म्या सोता वाटले. एक दाना नाही उरला."

"दाने?"

मग तिने सगळं विचारून घेतलं. किती ढीग, कोणी मोजले, कसे मोजले. सून दारातच उभी होती. मी तिला म्हटलं, परवा ढीग कसे मोजले ते म्हणून दाखव. ती म्हणाली, "तुमी सांगतलं तसेच. लाभ, एक, दोन, तीन..."

शंभर दाणे जास्त पडले होते. तिने लाभ म्हटलं आणि मग पुन्हा एकापासून सुरू केलं. मी तिच्याकडे असं बघितलं की ती घरी निघून गेली. पण फोनमध्ये माझी पोर हसत होती. सात वर्षांत मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. बापासारखं हसते, आधी नाकातून आणि मग मोठ्याने. मी फोन कानाला दाबून धरला. तिकिटाचं तेवढा वेळ विसरले.

"तुह्या लाभाचं बराबर आहे, माय," हसू आवरल्यावर ती म्हणाली. "आमीबी एकाले मूळ संख्येत नाही धरत. एक धरला त कोनताबी आकडा फोडत बसा, शेवटच येत नाही. सहा म्हंजे दोन गुणिले तीन. एक घेतला त दोन गुणिले तीन गुणिले एक गुणिले एक, आनि चाललं. म्हनून तो बाहेर."

"खळ्यावरच्या मापाऱ्याले हे ठाऊक होतं का?"

"नसन. पन दाने मोजू नको आता. कागद घे. भागाकार शिकवते."

पुढचे तीन रविवार तिने मला भागाकार शिकवला. वर किती लिहायचे, खाली काय वजा करायचं, पुढचा आकडा कधी उतरवायचा. मी चुकले की "पुन्हा," एवढंच म्हणायची. लहानपणी पाढा चुकली की मी तिला असंच म्हणायचे, पण माझ्या हातात तेव्हा काडी असायची.

पावसाळा लागला, रोवणी झाली, आणि माझी वही चालू होती. रोज विड्या झाल्या की दोन भागाकार. आठाने करायला बसले तेव्हा लक्षात आलं की हे वेड्यासारखं आहे. दोनाने जात नाही त्याला चाराने कसा जाईल, आठाने कसा जाईल? आठ म्हणजे दोनाचंच पोर. तसे सहा, नऊ, दहा, बारा गेले. वहीत मी त्यांच्यावर काट मारली. पुष्कळ काम वाचलं. तरी एक्क्याण्णव मला सरळ वाटला आणि मी तो करत बसले, चोपन्न उरले, आणि झोपायला जाताना आठवलं की तेरा साते एक्क्याण्णव.

दुसरी गोष्ट रोवणीत कळली. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बाया ओळीने रोवत होत्या आणि मी धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, बसले होते. समजा नऊ हजार नऊशे त्र्याहत्तर रोपं सारख्या ओळींत लावायची आहेत. ओळी शंभरापेक्षा जास्त झाल्या तर एका ओळीतली रोपं शंभरापेक्षा कमीच बसणार, कारण शंभर ओळी शंभर शंभराच्या म्हणजेच दहा हजार होतात, आणि आपल्याकडे तेवढी रोपं नाहीत. म्हणजे दोन्हींतली एक बाजू नव्व्याण्णवच्या आत यायलाच पाहिजे. तर मग नव्व्याण्णवच्या पुढे बघायचं कशाला? बांधी उभी मोजा की आडवी, तीच बांधी.

हे मी रविवारी तिला सांगितलं. तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"चुकलं का?"

"नाही. हे तुले कोनं सांगतलं?"

"कोन सांगन? बकरी?"

"माय, हे पोरायले कॉलेजात शिकवा लागते."

"मंग त्यायले रोवणीले धाडा."

ती पुन्हा हसली. या वेळी कमी. आणि मग तिने अचानक विचारलं, "तू खरंच रोज करून रायली का हे?" मी म्हटलं, हो. तिचा आवाज बदलला. म्हणाली, "सोड ना माय आता. थट्टा होती." मी म्हटलं, "तिकीट थट्टा होतं?" त्यावर ती म्हणाली, मीटिंग आहे, आणि फोन ठेवला.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण वही सोडली नाही. काट मारून उरलेले आकडे पंचवीस होते, दोनापासून सत्त्याण्णवपर्यंत, पंचवीस विड्यांच्या एका कट्ट्याएवढे. तेराने दोन उरले. सतराने अकरा. तेवीसने चौदा. एकेचाळीसने दहा. मी पंचेचाळीस वर्षं विड्या दिल्या आहेत, माझ्या कट्ट्यात कधी एक कमी निघाली नाही, आणि इथे रोज काहीतरी उरत होतं.

एकोणसाठने पुन्हा दोन उरले. एकोणसाठ गुणिले एकशे एकोणसत्तर, नऊ हजार नऊशे एकाहत्तर. त्या दिवशी मी पेन्सिल खाली ठेवली. दोन. खोडरबराने खोडले असते तर वहीत दिसलेही नसते. सांगून टाकू का तिला, की एकोणसाठने जातो? पण ती म्हणेल, दोन उरतात. तिच्या जागी बंगलोरचा दुसरा कोणी असता तरी म्हणाला असता, आणि बांधीतल्या बाईला भागाकार येत असता तर तीही म्हणाली असती. हा आकडा कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. मी मात्र एकदा खोडलं होतं. बापाचं वाक्य खोडून दुसरं लिहिलं होतं, आणि पडताळायला कोणी नव्हतं, कारण खोलीत आम्ही दोघंच होतो आणि त्यातला एक गेला होता.

ती माझ्यावर रागावली आहे असं मी सात वर्षं धरून चालले. खरं म्हणजे तिला बाप दुखत होता. ट्रकचे नंबर मोजणाऱ्या बापाने आपल्याला बोलावलं नाही, हे. आणि ते झालंच नव्हतं.

उरलेले आकडे मी तरी केले. कोणत्या तरी एकाने जाईल आणि मला बोलावं लागणार नाही, अशी आशा होती, लपवत नाही. एकोणनव्वदने पाच उरले. सत्त्याण्णवने एकोणऐंशी उरले, आणि पंचवीस संपले.

रविवारी फोन आला. मी म्हटलं, "नाही जात. कशानंच नाही जात. मूळ संख्या आहे ते. तुले पयलेच ठाऊक होतं."

"हो," ती म्हणाली.

"म्हंजे तुले घरी याचंच नव्हतं."

मी वही मिटली. मी म्हटलं, "आता माहं ऐक. बापानं तुले बोलावलं होतं. दोनदा. सकाळी एकदा, दुपारी एकदा. म्या नाही कळवलं. सांगू नका असं तो नाही म्हनला. ते म्या म्हनलं."

फोन चालू होता. तिकडे कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजला, मग आणखी एक. मी वाट बघितली. मग फोन बंद झाला.

पुढचा रविवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. सून सकाळी दारात येऊन उभी राहायची, काही विचारायची नाही. एवढी बोलकी पोरगी, पण विचारलं नाही. मी विड्या वळत बसायचे. धान लोंबीवर आलं होतं. मला वाटलं, हे असंच राहणार, आणि मीच केलं आहे, तर राहू दे.

मग एका बुधवारी दुपारी फोन वाजला. तिने माय म्हटलं नाही, काही नाही. म्हणाली, "शब्द सांग. बाबा काय बोलला ते, जसंच्या तसं."

"सकाळी म्हनला, पोरीले बोलाव."

"आनि दुपारी?"

"दुपारी म्हनला, पोरीले बोलाव ना व, लय दिस झाले पायलं नाही."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. तिने आणखी एकदा सांगायला लावलं. मग बाकीचं विचारत गेली. खाट खिडकीकडे होती का. पाणी कोणी पाजलं. तू नाही म्हटल्यावर तो काय बोलला. मी म्हटलं, काही नाही, भिंतीकडे तोंड केलं. हेही सांगितलं. आता काही ठेवायचं नव्हतं. ती रडत होती, माझ्यासमोर रडल्यासारखी नाही, एकटी असल्यासारखी.

"तुले काहून असं वाटलं," ती म्हणाली, "का मले पेपर पायजे होता?"

"मले पायजे होता," मी म्हटलं.

तिने नाक ओढलं. मग ती म्हणाली, "दिवाळीत येईन. तुह्यासाठी नाही येनार. त्याच्यासाठी येईन. जाळलं ती जागा दाखवशीन."

"दाखवीन. माह्यासाठी नको येऊ," मी म्हटलं. "पन ये."